न आलेल्या पोरांची हळद

दुर्गाआत्याला गावाने अपशकुनी ठरवलं, कारण तिने मेलेल्या पोरांना हळद लावली.

आज तिचा स्मृतिदिन. मी चौऱ्याण्णव वर्षांची आहे. मोबाइलमध्ये बोलून ही पोस्ट लिहितेय, चुका दिसल्या तर काढत बसू नका.

दुर्गाआत्या आमच्या शेणवे गावची धवलारीण. नात्याची नव्हे, सगळा गावच तिला आत्या म्हणायचा. म्हणजे लग्नात हळदीपासून सगळी गाणी म्हणणारी. गाण्याला धवला म्हणतात.

नवरा लवकर वारलेला. विधवेला शुभकार्यात कोण उभं करतं? पण धवला म्हणायला तीच लागायची, म्हणून मांडवात तिला पहिला पाट मिळायचा.

तिच्याकडे मानाचं म्हणून तेवढंच होतं.

मोठी लढाई संपली आणि शहापूर-मुरबाडकडची मिलिटरीतली माणसं घरी आली. त्यांनी आपला एक संघ काढला. शाळेच्या पटांगणात पहिला प्रोग्राम ठरला. ज्याला जी कला येते ती त्याने फुकट द्यायची.

मास्तरांनी नाटुकलं बसवलं. सुताराने पडदा रंगवला, त्यावरचा रणगाडा बैलगाडीसारखा दिसत होता.

आत्याला सांगितलं, तू स्वागतगीत म्हण.

ती म्हणाली, "आले त्यांचा तुमी करा. नाय आले त्यांचा मी म्हनते."

परत न आलेल्या पोरांच्या घरोघरी ती फिरली. आमच्याकडेही आली. माझा भाऊ काशिनाथ ब्रह्मदेशात मारला गेला होता. तार आली त्या दिवसापासून आई एकदाही रडली नव्हती.

धवल्यात नवरदेवाचं नाव घ्यावं लागतं, हळद लावणारीचंही.

"काशाला हळद कोन लावनार व्हती गो?"

"माजी नणंद."

"नि मामा कोन उभा ऱ्हानार व्हता?"

आईने सगळं सांगितलं. बाशिंग कसलं, वऱ्हाड कुठल्या वाटेने जाणार, सगळं.

प्रोग्रामला आत्याने एकेका पोराचं नाव घेऊन गाण्यात हळद लावली. काशिनाथचं नाव आलं आणि आई जी रडायला लागली, तिला तीन बायांनी धरलं. संघाच्या माणसांनी डोक्यावरच्या टोप्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी आई कितीतरी महिन्यांनी पोटभर जेवली.

मग त्याच वैशाखात, आत्याने धवला म्हटलेल्या एका लग्नातला नवरदेव तापाने गेला.

झालं. लोकांना कारण सापडलं. मेलेल्यांची हळद हिने जित्यांना लावली म्हणे.

संघवाले म्हणाले, "आमी स्वागतगीत सांगितला व्हता. बाकीचा तिनी मनानी केला."

तोफांपुढे उभी राहिलेली माणसं ही! पाणवठ्यावरच्या कुजबुजीला घाबरली.

पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं. आईने मुरबाडहून दुसरी धवलारीण बोलावली.

आत्या न बोलावता आली. मांडवाच्या बाहेरच थांबली.

"पोरीचा येक धवला म्हनते नि जाते."

आई म्हणाली, "नको दुर्गे. एक पोर गेला माजा. हिचा तरी बरा होऊ दे."

मी हळदीच्या पाटावर बसलेली. आत्याने माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. मलाही भीतीच वाटत होती, खोटं कशाला बोलू?

"बरा गो," म्हणाली आणि गेली.

नंतर तिला कुठल्याच मांडवात कुणी बोलावलं नाही. लोकांच्या शेतावर राबली. भातलावणीला बाया गायच्या, ही तोंड मिटून आवण लावायची.

आणि माझी आई? म्हातारपणी सगळं विसरली, मला ओळखेना. पण तांदूळ निवडताना काशिनाथच्या हळदीचा धवला म्हणायची. आत्याने बांधलेला, शब्दन्‌शब्द. मला तेव्हा आईचा इतका राग यायचा.

राग धरणारी मी तरी कोण म्हणा.

आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कल्याणला सासरी होते. पोचता आलं असतं. गेले नाही.

घरात दिराचं लग्न होतं. म्हटलं, शुभकार्यात कशाला.

आत्या, तुला नमस्कार. मला माफ करू नकोस.