दही न लागलेलं दूध

आमच्याकडे दोन म्हशी होत्या आणि दोघींचं दूध अड्याळच्या बाजारातल्या हॉटेलात जायचं. म्हशीची कास सुजली की भाऊ त्याच दिवशी सायकल काढून दवाईच्या ट्यूबा आणायचा. सडात ट्यूब पिळली की तीन-चार दिवसांत सूज उतरायची. ट्यूबा देणारा बजावायचा, दवाई चालू आहे तोवर आणि नंतरही काही दिवस दूध फेकून द्या. दूध कोण फेकतं! हॉटेलवाल्याला मात्र ते चालायचं नाही, कारण त्या दुधाचं दही लागत नव्हतं. एकदा त्याने न लागलेल्या दह्याचं अख्खं पातेलं आमच्या दारात आणून आपटलं होतं. तेव्हापासून मायने नियमच करून टाकला. ट्यूब टाकली की रोज वाटीभर दुधाला विरजण लावायचं. दही लागलं तर दूध हॉटेलात, नाही लागलं तर घरात.

म्हणजे बाहेरच्याच्या नरड्याखाली न उतरणारं दूध आमच्या पोटात. यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटलं नाही. मला तरी कुठे वाटलं? मी मॅट्रिकला होते आणि सकाळी ती वाटी हलवून बघायचं काम माझंच होतं.

ऐंशी सालाच्या आसपास वहिनीला दिवस गेले. त्या वर्षी थोरली म्हैस पुन्हा पुन्हा सुजत होती आणि ट्यूबांवर ट्यूबा चालल्या होत्या. माय म्हणाली, "बरंच झालं. दवाईचं दूध हाय, पोटुशीच्या अंगी लागन." वहिनीला रोज तांब्याभर दूध. मुलगी झाली, तरी तांब्या चालूच. अजूनही तो तांब्या आठवला की माझं डोकं फिरतं.

तिसऱ्या आठवड्यात वहिनीची एक छाती सुजली. लाल, दगडासारखी घट्ट, अंगात ताप. मायने शेक दिला, कोबीची पानं बांधली. "दूध साचलं हाय, होते बाईमाणसाले." चार दिवस असेच गेले. मग गावातल्या डॉक्टरांची इंजेक्शनं पाच दिवस चालली आणि सूज तसूभर उतरली नाही. वहिनी ग्लानीत पडून राहू लागली, तेव्हा कुठे नवव्या दिवशी तिला भंडाऱ्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या दुखण्याच्या आधी हिला कितीदा सुया दिल्या होत्या?"

"एकदाबी नाई," भाऊ म्हणाला.

"मग जंतू गावातल्या सुयांच्या दवाईला सरावले कसे?"

 मी दुधाचं सांगितलं, ट्यूबांचं सांगितलं, वाटीचं सांगितलं. भावाने माझ्याकडे डोळे वटारले. बाई म्हणाल्या, "नक्की त्यानेच झालं असं मी म्हणणार नाही. पण ट्यूबांतली तीच दवाई थोडी थोडी पोटात जात राहिली की जंतू तिला जुमानेनासे होतात. जे दूध विरजणाला मारतं, ते पाजलंत कशाला?"

चीर देऊन पू काढला, दवाई बदलली. वहिनी वाचली, पण त्या बाजूचं दूध कायमचं गेलं. दुसऱ्या बाजूचं बाळाला पुरेना.

घरी आलो त्याच संध्याकाळी म्हैस पुन्हा सुजलेली, सडात ट्यूब टाकलेली. मी वाटी लावली. सकाळी वाटीतलं दूध पाण्यासारखं हलत होतं. आणि माय चुलीपाशी तेच दूध पाणी घालून बाळासाठी गरम करत होती! मी पातेलं उचललं आणि उकिरड्यावर नेऊन ओतलं.

"पोरीच्या तोंडचं दूध काहून फेकलंस?" माय ओरडली. "तुले वेड लागलं काय?"

सासूपुढे कधी मान वर न करणारी वहिनी खाटेवरून बोलली, "बरं केलं तिनं. म्हशीसाठी दवाई पयल्याच दिवशी आली, माय. मले नवव्या दिवशी नेलं."

भाऊ दारात उभा होता. त्याने सायकल काढली आणि शेजारच्या गावाहून गाईचं दूध आणलं. त्यानंतर आमच्या घरात दवाईचं दूध कुणी प्यायलं नाही.

हॉटेलवाल्याचं दही मात्र त्या सगळ्या दिवसांत एकदाही बिघडलं नव्हतं.