अंगठ्यावरचं कुंकू

माझी किडनी बहिणीला चालते हे कळलं त्या दिवशी आनंदाने उडी कुणीच मारली नाही. मी तर मारूच शकत नव्हतो. अठ्ठ्याण्णव किलो वजन होतं माझं. डॉक्टरांनी कागद खालीवर केले, माझ्या पोटाकडे बघितलं आणि म्हणाले, "किडनी उत्तम आहे. माणूस तेवढा बरा नाही. दहा किलो उतरवा, मग ऑपरेशनचं बोलू." माझी धाकटी बहीण शेजारच्या खुर्चीवर बसली होती. जळगावला, तिच्या सासरी, आठवड्यातून तीनदा तिचं डायलिसिस चालायचं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आयुष्यभर माझ्या वाटचं खाल्लंस, दादा. आता त्यातलं दहा किलो परत कर."

खोटं नव्हतं ते. आमच्या घरी दुधावरची साय मला आणि पातेल्याची खरवड तिला, अशी सरळ वाटणी होती. "त्याचं वाढीचं अंग आहे," आई म्हणायची. वाढ विसाव्या वर्षी थांबली, खाणं बावन्नाव्या वर्षापर्यंत चालू राहिलं. धुळ्याच्या देवपुरातल्या एका कॉलेजात मी हेडक्लार्क आहे. विद्यार्थी मला मागून काय म्हणतात ते मला माहीत होतं, आणि ते वजनाच्या मानाने सौम्यच होतं.

दिवाळीनंतर मी सुरुवात केली. सकाळी पांझरेच्या काठाने चालायचो. तिथे रोज भेटणारे लोक आधी हसायचे, मग उपदेश करायचे आणि शेवटी आपापली भजी खायला निघून जायचे. दवाखान्यातल्या आहारवाल्या बाईंनी लिहून दिलेला कागद बायकोने फ्रिजवर चिकटवला. सकाळी मूग, दुपारी एक भाकरी आणि गिलक्याची भाजी, रात्री पुन्हा तेच गिलकं. गिलक्यासारखी निरुपद्रवी भाजी दुसरी नाही आणि तिच्यावर माझ्याइतका राग जगात कुणी धरला नसेल.

दर रविवारी बहिणीला फोटो पाठवायचा असा तिचा हुकूम होता. वजनकाट्यावर उभं राहायचं आणि आकडा नि पायाचे अंगठे दोन्ही दिसतील असा फोटो काढायचा. अंगठे कशाला, असं विचारल्यावर म्हणाली, "तू दुसऱ्या कुणाला उभं करशील. तुझी लायकी मला माहीत आहे." मला उभ्याने स्वतःचे अंगठे दिसत नसत, मधे पोट यायचं. म्हणून मी फोन पुढे धरून अंदाजाने फोटो काढायचो आणि मग माझं वजन फोनमध्ये वाचायचो. तिचं उत्तर एकाच शब्दाचं यायचं, "बरं." शहाण्णव, बरं. त्र्याण्णव, बरं. चैत्र संपता संपता साडेनव्वदवर आलो तेव्हाही "बरं"च आलं. मला वाईट वाटायचं, पण मी तक्रार केली नाही. अडीच किलो राहिले होते.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. आमच्या खान्देशात दिवाळीला नसेल एवढी लेक आखाजीला माहेरी हवी असते. आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे माझंच घर. आदल्या दिवशी डायलिसिस उरकून ती दोन दिवसांसाठी आली आणि आल्या आल्या तिने माझ्या बायकोला बजावलं, "घरात आंबा आणायचा नाही. मला चालत नाही आणि याला पुरत नाही." तिला आंबा म्हणजे विषच होतं. त्यातलं पोटॅशियम तिच्या रक्तात साचून राहतं आणि हृदय बंद पडू शकतं, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. पाणीसुद्धा तिला बाटलीवर खुणा करून प्यावं लागे. आखाजीच्या दिवशी आमच्या घरात रस नाही, मांडे नाहीत, आई-वडिलांच्या नावाने भरलेल्या घागरीसमोर गिलकं शिजतंय. पितरांनीही वरून तोंड वाकडं केलं असेल.

सकाळी अकराच्या सुमारास समोरच्या आक्का दारात आल्या. त्यांचे मालक पौषात गेले होते. त्यांच्या नावाची ही पहिलीच घागर. आखाजीला त्या मेलेल्या माणसाच्या जागी कुणाला तरी बोलावून पाटावर बसवायचं, पाय धुवायचे, पोटभर जेवू घालायचं, अशी आमच्याकडे रीत आहे. बसणाऱ्याला त्या दिवसापुरतं पितर म्हणतात, आणि पितर पोटभर जेवला नाही तर गेलेला उपाशी राहिला असं समजतात.

"भाऊ, आज तुम्हीच बसा," आक्का म्हणाल्या. "मना मालक बी तुमनामायकच व्हतात, भरेल अंगना."

कारण अगदी स्पष्ट होतं. ते गृहस्थ एकशे दहा किलोचे होते आणि जिन्यावर तिसऱ्या पायरीला गेले. पण विधवा बाई दारात उभी आहे, पितराला नाही म्हणता येत नाही. बहीण न्हाणीत होती. बायकोला "आलोच" म्हणून मी चप्पल घातली. खोटं कशाला बोलू, पुरणाचा वास रस्ता ओलांडून सकाळीच माझ्यापर्यंत आला होता.

आक्कांनी दोन पाट एकावर एक ठेवले, कारण मला खाली बसून उठता येत नाही हे गल्लीला ठाऊक होतं. परातीत माझे पाय धुतले. दोन्ही अंगठ्यांना कुंकू लावलं. मग ताट आलं. खापरावरचे मांडे, रुमालासारखे पातळ आणि परातीएवढे मोठे. वाडगाभर आमरस, त्यावर तूप, सार, भजी, कुरडई.

"आखो एक ल्या, भाऊ. बठ्ठं तुमनाकरताच शे," आक्का वाढत राहिल्या. "त्यासले बी रस भलता आवडे." त्या रडत होत्या आणि वाढत होत्या. मी मान खाली घालून खात होतो. लोकांना वाटलं असेल मला गहिवर आलाय.

रीतीप्रमाणे दोन मांडे पुरतात. दोन खाऊन मी उठलो असतो तर पितर तृप्त, आक्का तृप्त, आणि माझंही फार बिघडलं नसतं. ते दोन मेलेल्याच्या नावाने गेले. तिसरा मी मागितला. चौथाही मीच मागितला. रस किती वाट्या झाला ते मी मोजलं नाही, कारण मोजलं असतं तर थांबावं लागलं असतं. सहा महिने मी जो माणूस होऊ पाहत होतो तो त्या पाटावरून केव्हा उठून गेला, मला कळलंच नाही.

घरी येताना मी आक्कांच्या नळावर तोंड धुतलं, मिशी दोनदा धुतली, बोटांचा वास घेतला. घरी बहीण माझीच वाट बघत होती. मी खुर्चीवर टेबलाशी बसलो. ती खाली चटईवर, तिचं मोजकं ताट पुढ्यात घेऊन. आक्कांनी देवाच्या पाया पडायला बोलावलं होतं असं मी सांगितलं. तिने माझ्या ताटात भाकरी आणि गिलकं वाढलं. मी खाल्लं. तिने आणखी अर्धी भाकरी वाढली.

"पुरे," मी म्हणालो.

"खा रे. सणाच्या दिवशी एवढं दमवायचं नाही जिवाला." मग आणखी अर्धी. मांडे गळ्यापर्यंत होते, त्यावर मी ज्वारी लोटत होतो. घाम फुटला. ती खालून माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "मला वाटलं नव्हतं दादा, तू राहशील म्हणून. समोर रस चाललाय आणि तू माझ्यासाठी गिलकं खातोयस."

अख्ख्या आयुष्यात तिने मला दिलेली ही पहिली शाबासकी होती. मी ती घेतली. लाज वाटली, पण घेतली आणि वर ढेकर दाबला.

दुपारी मी झोपलो. ती समोरच्या घरी आक्कांना भेटून आली, असं बायको म्हणाली. संध्याकाळी ती लवकरच आडवी झाली. सकाळी चहाला हाक मारली तर ओ आली नाही. गादीवर पडून होती, डोळे उघडे. "पाय उचलत नाहीयेत," म्हणाली. छातीवर हात ठेवला तर ठोके अडखळत होते. धुळ्यातल्याच एका दवाखान्यात तिला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली, ती बघून आम्हाला बाहेर ढकललं आणि तिला तातडीने मशीनवर घेतलं. काय खाल्लं होतं, असं नर्स ओरडून विचारत होती. गिलकं, असं मी छातीठोक सांगत होतो.

दोन तासांनी मला आत सोडलं. ती डोळे मिटून पडली होती. आमच्या घरची बोली तिच्या तोंडी फक्त संतापात यायची.

"कितला?" तिने विचारलं.

मला कळलं नाही असं मी दाखवलं.

"मांडे. कितला खादा?"

"चार."

"मी दोन वाट्या रस प्यायले," ती म्हणाली. "म्हटलं, दोघंही मरू." मग डोळे उघडून ती माझ्या पायांकडे बघू लागली. "पायाला कुंकू लावून गिलकं खात होतास. खाली बसले होते मी. सगळं दिसत होतं मला."

मी खाली बघितलं. मला पोट दिसलं. पितराचे पाय पूजतात हे मला माहीत होतं, माझ्या डोळ्यांसमोर पूजले होते, आणि मिशी दोनदा धुणाऱ्या मला अंगठे आठवले नव्हते. म्हणजे भाकरीवर भाकरी तिने जाणूनबुजून वाढली होती. शाबासकीही जाणूनबुजूनच. मला तिचा भयंकर राग आला, आणि तो राग धरायला मला तोंड नव्हतं.

ती जळगावला परत गेली. घरी काट्याने त्र्याण्णव दाखवलं. दवाखान्याच्या व्हरांड्यात मी शपथ घेतली होती की तीन दिवस फक्त पाणी. पहिला दिवस निभावला. स्वतःचं कौतुकही केलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातून आलो आणि ओट्याशी उभ्या उभ्या अर्धा किलो तिखट शेव खाल्ली, बूटसुद्धा न काढता. बायको दारातून बघत होती. तिने जळगावला फोन लावून माझ्या हातात दिला.

"उपास कुणी सांगितला होता?" बहीण म्हणाली. आवाज अजून बारीक होता. "तुला पुण्य हवंय. मला किडनी हवीय. उद्या सकाळी मूग खायचे, दुपारी गिलकं. परवा पण तेच. रडायचं नाही, शपथा घ्यायच्या नाहीत, मला सॉरी म्हणायचं नाही. रविवारी फोटो."

मला वाटत होतं, एवढं मोठं पाप केल्यावर परत फिरायची वाटही तेवढीच खडतर असेल. ती तशी नव्हती. ती फक्त कंटाळवाणी होती. मूग, भाकरी, गिलकं, पांझरेचा काठ. चार दिवसांत दीड किलो आपोआप गेलं, ते नुसतं मिठाचं पाणी होतं असं आहारवाल्या बाई म्हणाल्या. राहिलेल्याला आषाढ संपेपर्यंत वेळ लागला. मधे एकदा एका लग्नात घसरलो, दुसऱ्या दिवशी सकाळी मूग खाल्ले. ज्या रविवारी सत्याऐंशी पूर्णांक नऊ आलं, त्या दिवशी मला काट्यावरचा आकडा फोनशिवाय दिसला, आणि पलीकडे दोन्ही अंगठे. तिचं उत्तर आलं, "बरं." श्रावणात नाशिकला ऑपरेशन झालं. माझी डावी किडनी आता जळगावला असते.

यंदाच्या आखाजीला ती पुन्हा आली. डॉक्टरांनी तिला एक वाटी रसाची परवानगी दिली होती. मला मात्र जन्मभर वजन धरून ठेवायचंय, उरलेल्या एका किडनीवर ओझं नको म्हणून. अकराच्या सुमारास आक्का दारात आल्या. वर्षभरात वाळून गेल्या होत्या बिचाऱ्या. मी बहिणीकडे बघितलं. ती म्हणाली, "जा की."

या वेळी एकच पाट होता. पाय धुतले, कुंकू लावलं. मी दोन मांडे खाल्ले. आक्कांनी तिसरा आणला. मी ताटावर हात आडवा धरला. त्यांना वाटलं मी लाजतोय. त्यांनी बोटांच्या फटीतून वाढायला बघितलं. मी ताट सरकवलं आणि उठलो.

"भाऊ, मनं काय चुकनं?" आक्का म्हणाल्या. "गया साले ते चार खादात. आते मालक नाराज शेतस का मनावर?"

माझं पोट भरलंय, असं सांगता आलं असतं, पण त्या पाटावर पोट माझं नव्हतं. मी हात जोडले आणि निघालो. त्या मांडा हातात धरून उभ्या राहिल्या, आणि मी रस्ता ओलांडेपर्यंत त्यांच्या रडण्याचा आवाज येत होता.

घरात बहीण चटईवर बसली होती, समोर रसाची वाटी, अजून न उष्टावलेली. तिने आधी माझ्या अंगठ्यांकडे बघितलं. ते मी पुसले नव्हते.

"कितला?"

"दोन."

"आक्का रडन्यात?"

"हो."

"बरं," ती म्हणाली, आणि तिने वाटी तोंडाला लावली.