हजेरीआधी सुमनताई विचारायच्या...

बदनापूर स्टेशनवर जालन्याच्या गाडीची वाट बघत होतो, तेव्हा कॉलेजातून फोन आला. आमच्या प्राणिशास्त्राच्या सुमनताई पहाटे झोपेतच गेल्या... महिना होत आला, पण त्यांच्याबद्दल लिहायला बसलो की रडू येण्याआधी धाप लागते. ही बाई कधी चाललीच नाही. धावली, आणि आम्हालाही मागे पळवलं.

दोनेक वर्षांपूर्वीच्या एका दिवसाचंच बघा. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवत होतो. ताईंनी लसीकरणावरचे तपासलेले पेपर वाटायला घेतले. केदारखेड्याच्या सविताला सगळ्यांत जास्त गुण. रेबीजची लस कधी, का, कशी, सगळं तोंडपाठ. पण पेपर घ्यायला पोरगी लंगडत आली. पोटरीला फडकं, फडक्याखाली मिरचीचं वाटण. आदल्या दिवशी घरचंच कुत्रं चावलेलं.

"अगं, हे उत्तर तूच लिहिलंस ना?" ताईंनी विचारलं.

"लिव्हलं मॅडम, पर ते परीक्षेपुरतं. पोटात चौदा सुया देतेत, म्हून कोनाला सांगितलंच न्हाई."

वर्ग लगेच तिची वकिली करू लागला. घरच्या कुत्र्याला काय व्हतंय, मिरचीनं इख बराबर उतरतंय... आणि ही विज्ञानाच्या शेवटच्या वर्षाची पोरं. ताईंनी वाद घातला नाही. सविताला नळाखाली बसवून साबणानं जखम धुतली, धुतच राहिल्या, आणि अख्खा वर्ग घेऊन सरकारी दवाखान्याकडे निघाल्या. माझी पोरं खिडकीला लटकलेली. शिकवणं कुठलं, आम्हीही वरातीत सामील झालो. दवाखान्यात जखमेत औषध टोचलं, दंडात लस दिली. पोटाला कुणी हातही लावला नाही. "बस, इतकंच?" सविता म्हणाली, आणि वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी सुईला भिणारा माणूस, मीही वाजवल्या.

खरी लढाई पुढंच होती. ठरल्या दिवशी सविता पुढच्या डोसला आलीच नाही. ताई भोकरदनकडची एसटी पकडून थेट तिच्या ओसरीवर.

"जखम तं वाळून राह्यली मॅडम, मंग उगं कशाला टोचायचं?" वडील म्हणाले.

"कुत्रं कुठाय?"

वडिलांनी सांगितलं, ते सकाळीच मेलं होतं. पाण्याला तोंड न लावता, लाळ गाळत. बोलता बोलता त्यांनाच घाम फुटला, आणि त्यांनी स्वतःच मोटारसायकल काढली. मधे सविता, मागे साडी खोचून ताई. बाकीचा एकही डोस मग चुकला नाही. सविता आज एमएस्सी करते आहे. अंत्ययात्रेत ती माझ्याशेजारी हमसून रडत होती.

त्यानंतर ताई हजेरीआधी वर्गाला विचारू लागल्या, "कुणाला काही चावलं का?" पोरं हसायची, पण सांगायची.

गेल्या आठवड्यात प्राचार्यांनी मला त्यांच्या रिकाम्या तासावर पाठवलं. हजेरीपट उघडला, तर पोरं बसेचनात. उभीच. मला कळलं. मग ताईंचा तो प्रश्न मीच विचारला...

मागच्या बाकावरून एका मुलीनं हात वर केला. "सर, मांजरानं बोचकारल्यालं चालतं का सांगायला?"

"कधी?"

"आज सकाळीच."

हजेरी तशीच राहिली. आम्ही सगळेच्या सगळे नळाकडे धावलो.