धीर द्या म्हणजे काय करा

“लाव जोर! आणि लाव की गं! सोडू नगंस!”

हौसाबाईंचा आवाज लेबर रूममधून थेट व्हरांड्यात येत होता. मी पळत आत गेले. टेबलावर त्यांची सून दिपाली, पहिलटकरीण, दात-ओठ खाऊन जोर लावत होती.

कोल्हापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात मी सिस्टर इन्चार्ज आहे. हल्ली बाळंतपणात बाईसोबत घरचं एक माणूस आत थांबू देतात. कोडोलीहून आलेल्या हौसाबाई तशा थांबल्या होत्या.

बाळ बाहेर यायला गर्भाशयाचं तोंड दहा सेंटिमीटर उघडावं लागतं. दिपालीचं आठच उघडलं होतं. तोवर कळ नुसती सोसायची असते. आधीच जोर लावला तर ते तोंड सुजतं, बाई दमते आणि ऐन वेळी अंगात त्राण उरत नाही.

डॉक्टर मॅडमनी तपासलं. “सूज आलीय, सिस्टर. बाळाचे ठोके चांगले आहेत. तासाभरानं परत बघते. असंच राहिलं तर सिझर. आणि आधी या आजींना बाहेर काढा.”

हौसाबाई माझ्यावर उखडल्या. “आवो, मघाशी तुमीच म्हणलासा न्हवं, सुनंला धीर द्या म्हणून? मग धीरच देतोय की!”

म्हटलं होतं खरं. दिवसातून दहा वेळा म्हणते. ‘धीर द्या’ म्हणायचं आणि पुढच्या पेशंटकडे जायचं. म्हणजे नेमकं काय करायचं, हे पंचवीस वर्षांत मी एकाही नातेवाइकाला सांगितलं नव्हतं. हौसाबाईंच्या घरात सगळे पैलवान. आखाड्याच्या कडेला जसा धीर देतात तसा त्यांनी दिला. चूक माझी होती.

दिपालीनं सासूचा हात घट्ट धरला होता. “आत्यास्नी भाईर घालवू नका. त्या गेल्या तर मला न्हाय जमायचं.”

“मॅडम, तासभर राहू द्या त्यांना. जबाबदारी माझी.”

“सूज वाढली तर तुम्हाला विचारीन.”

“विचारा.”

बोलून तर बसले. दिपालीला डाव्या कुशीवर वळवलं आणि हौसाबाईंना विचारलं, “मावशी, चूल पेटंना तर काय करता?”

“फुकणीनं फुकतो.”

“जोरात?”

“छ्या! जोरात फुकलं तर राख तोंडावर येती. दमादमानं फुकायचं.”

“तसंच करायचं. कळ आली की दोघींनी मिळून फुकायचं. वरडायचं न्हाय.”

तोंडानं फुंकर चालू असली की खाली जोर लावणं अवघड जातं. त्यातलं शास्त्र एवढंच. पहिल्या दोन कळा वाया गेल्या. तिसऱ्या कळेला हौसाबाईंनी सुनेच्या नाकाला नाक लावलं आणि गाल फुगवून फुंकायला सुरुवात केली. दिपाली त्यांच्याकडे बघत फुंकू लागली. मध्येच तिच्याकडून जोर लावला गेला. हौसाबाईंच्या तोंडाशी हाक आली होती, पण त्यांनी ती गिळली आणि फुंकत राहिल्या. मी घड्याळ बघत होते.

तासाभरानं मॅडम आल्या, तपासलं. सूज उतरली होती. गर्भाशयाचं तोंड पूर्ण उघडलं होतं.

“चला, आता लावा जोर.”

हौसाबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं. “सिस्टर, आता वरडू व्हय?”

“आता वरडा!”

मग जे ओरडल्या, ते सगळ्या मजल्यानं ऐकलं असेल. थोड्या वेळानं त्यांच्याही वरचढ आवाज आला, तो नातीचा. सिझर टळलं. खोटं कशाला सांगू, मला सासू-सून दोघींचाही अभिमान वाटला, आणि थोडा स्वतःचाही.

दुपारी व्हरांड्यात एक आई लेकीसोबत आत जायच्या तयारीत होती. हौसाबाई तिला अडवून समजावत होत्या, “नुसतं धीर धर, धीर धर म्हणून काय हुतंय? तिच्या संगं फुकाय लागतंय.”

नव्या नर्सना मी आता हेच वाक्य सांगते. आमच्या पुस्तकात याच विषयावर सात पानं आहेत.