आमच्या घरातले पंतोजी

आमच्या घरात 'पंतोजी' ही शिवी नाही, पदवी आहे. पंतोजी म्हणजे जुन्या काळचे छडीवाले मास्तर. पण बाबा हा शब्द जपून वापरत. नुसता ओरडतो तो खडूस. ओरडून ओरडून विद्या गळी उतरवतो तो पंतोजी! बाबांनी ही पदवी एकाच व्यक्तीला दिली, माझ्या थोरल्या ताईला. ती मलकपेठेतल्या एका शाळेत पीटी शिकवायची.

परदेशी कंपन्या हैदराबादेत येऊ लागल्या तेव्हा मला एका औषध कंपनीत फिरतीची नोकरी लागली. अट एकच, दसरा झाला की पुढच्या सोमवारी पक्कं लायसन घेऊन हजर व्हायचं. नाहीतर नोकरी दुसऱ्याला! (कच्चं लायसन महिन्याभरापूर्वीच काढलं होतं, पण मला तोवर सायकलही डगमगतच यायची.) ताईकडे गाडी होती. दसऱ्याला गाडीची पूजा झाली, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ताईने मला स्टिअरिंगवर बसवलं.

"लिंबू चिरडून थांबायचं. क्लच हळू सोड."

लिंबू चिरडलं. मग शेजारच्या चाचांची गुलाबाची कुंडी चिरडली. मग दुसरी!

"ब्रेक!" ताई ओरडली.

"कुठला?"

"नक्को मियाँ, नक्को!" तिसरी कुंडी छातीशी धरून चाचा पळाले. "ये लिंबू नहीं, गुलाब है!"

गाडी त्यांच्या फाटकाला टेकून थांबली. मी चाचांना हात जोडले.

"हात स्टिअरिंगवर!" ताई कडाडली.

तिने चाचांना नवे गुलाब आणून दिले, वर त्यांच्याकडून रिकाम्या कुंड्या मागून घेतल्या आणि शाळेच्या मैदानात मांडल्या. त्यांच्यामधून गाडी मागे घ्यायची. कुंडी पडली की मैदानाला एक फेरी, पळत! गाडीपेक्षा मीच जास्त धावलो. मनात शिव्या देत होतो आणि मनातच तिच्या पाया पडत होतो, कारण माझ्यासारख्या दगडाला तिने चार दिवसांत ड्रायव्हर केलं. शनिवारी मी टेस्ट पास झालो.

सोमवारी कंपनीची गाडी मिळाली. शेजारी आमचे तेलुगू साहेब बसले. अंबरपेठेच्या चढावर गियर करकरला आणि माझ्या तोंडून खणखणीत निघालं, "चुकलो ताई!"

साहेब नांदेडला शिकलेले होते, हे मला तेव्हा कळलं. ते शांतपणे म्हणाले, "ताईंना विचारा, आता दुसरा टाकायचा का?"

खरं सांगतो, ती मागच्या सीटवर असती तर मी विचारलं असतं!