हरितलवक आणि माझा माफीनामा

आमच्या मुख्याध्यापकांना मी आजही अहो-जाहो करते, ते निव्वळ सवयीनं. आदर कधीच नव्हता.

साठचं दशक सरत आलं होतं. कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकून मी मालवणच्या एका शाळेत शिक्षिका झाले. माझी आई मासे विकायची. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापकांनी नाकाला रुमाल लावला. "बाजारातून थेट शाळेत येत जाऊ नका," म्हणाले. मी बाजारात गेलेच नव्हते.

एकदा अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गाला, सूक्ष्मदर्शकाखाली पाणवनस्पतीचं पान दाखवत होते. पेशीतले हिरवे दाणे, म्हणजे हरितलवक, बघून एका सुताराच्या मुलीनं विचारलं, "बाई, एका पेशीच्या दोन झाल्या की नवे दाणे कोण करतं?"

"कोणी नाही. दाणेच दुभंगतात."

"मग ते वेगळे जीव काय?"

एम.एस्सी. करतानाही मला हे सुचलं नव्हतं. मी सांगितलं, काही शास्त्रज्ञांना तसंच वाटतं. फार पूर्वी हे मोकळे जगणारे सूक्ष्मजीव असावेत. मोठ्या पेशीनं ते गिळले, पण पचवले नाहीत. ते आतच वाढत राहिले. त्यांच्यात त्यांचा स्वतःचा डीएनए सापडलाय. वाद अजून मिटलेला नाही, हेही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी हे कानावर जाऊन मुख्याध्यापक वर्गात आले. "गिळलेलं पोटात जिवंत राहतं, असं कोणाला वाटतं?" वर्ग हसला. ती एकटी उभी राहिली. "मला वाटतं, सर."

त्यांनी तिच्या वडलांना बोलावून घेतलं. मुलगी उद्धट आहे, दाखला घेऊन जा.

कळताच मी त्यांच्या खोलीत घुसले. शाळेतली प्रमाण भाषा सुटली, घरची मालवणी आली. "तुमका कळूक नाय म्हणान ता खोटा जाता काय?"

"मासळीबाजार इथं नको," ते शांतपणे म्हणाले.

संध्याकाळी सुताराकडे गेले. त्यानं रंधा थांबवला नाही. "बाई, तुमची नोकरी आसा. माझ्या चेडवाक आता मी खंयच्या शाळेत घालू?"

सकाळी मी मुख्याध्यापकांना विचारलं, काय केलं तर तिला परत घ्याल? त्यांनी कागद पुढे सरकवला आणि मजकूर सांगितला: 'मी वर्गात खोटी माहिती दिली.' मी लिहिलं. 'खोटी' हा शब्द बारीक आलाय म्हणून त्यांनी पुन्हा लिहायला लावलं. पुन्हा लिहिलं.

मुलगी परत आली, मागच्या बाकावर बसली. वर्षभर तिनं एकही प्रश्न विचारला नाही. ती परीक्षा पास झाली, तिचं लग्न झालं. मी घाट चढून दुसरीकडे नोकरी धरली.

पुढे हरितलवकांची तीच गोष्ट पाठ्यपुस्तकात आली. लोक म्हणतात, आता राग सोड. मुख्याध्यापक वारले तेव्हा शाळेनं शोकसभेचं पत्र पाठवलं होतं. मी गेले नाही. गेले असते, तर खरं बोलले असते.