काचेच्या कपाटातले मास्क

आमच्या रुग्णालयात मास्कची टंचाई कधीच नव्हती. एन-नाइंटीफाइव्हची खोकीच्या खोकी होती, काचेच्या कपाटात, अगदी दर्शनी भागात. कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली इन्चार्ज सिस्टरांच्या कमरेला. तपासणी पथक येणार होतं, तेव्हा साठा भरलेला दिसायला हवा. मास्क वापरले की साठा कमी दिसतो, हे साधं गणित मला मेलीला कळत नव्हतं.

मी क्षयरोगाच्या वॉर्डात होते. घरी सहा महिन्यांची मुलगी, अंगावर पिणारी. ड्यूटी संपली की कोपरापर्यंत हात घासायची, घरी कपडे दारातच बदलायची, आणि तरी तिला जवळ घेताना श्वास रोखून धरायची. फार भीती वाटायची.

"ताई, एक तरी मास्क द्या ना," मी इन्चार्जना म्हटलं. देवीचे दागिनेच मागितल्यासारखं त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"तपासणी होऊ दे, मग घे की. आमी सगळी नोकरी पदर लावून काढली. काय झालं आमाला?"

त्या स्वतः दिवसभर खोकत असत, पण ते धुळीमुळं.

वॉर्डात येरमाळ्याकडचे एक पिठाच्या गिरणीवाले काका होते. पहिल्यांदा मी ओढणी तोंडाला बांधून गोळ्या द्यायला गेले, तर ते भिंतीकडं तोंड करून बसले. "आमचा इटाळ व्हतोय व्हय तुमाला? तोंड झाकून बोलायलाव."

"इटाळ कसला काका? घरी तान्हं लेकरू आहे माझं."

दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनीच नाकातोंडाला दस्ती बांधलेली. हातरुमालापेक्षा मोठी, चौकड्याची. "गिरणीत पिठापायी बांधायचोच की," म्हणाले, आणि गोळ्या लांबूनच स्टुलावर ठेवायची खूण केली. त्यांच्याकडं दोन दस्त्या होत्या. एक तोंडावर, दुसरी साबणानं धुऊन खिडकीत उन्हाला. अख्ख्या इमारतीत संसर्ग रोखायची व्यवस्था म्हणायची तर तेवढीच.

तपासणीच्या दिवशी कपाट एकदाचं उघडलं. ताटात गुलाब आणि गुलाबाशेजारी मास्क, असं पाहुण्यांचं स्वागत झालं. त्याआधी इन्चार्ज सिस्टर काकांच्या खाटेपाशी आल्या. "काका, ते फडकं काढा बरं. साहेब येताहेत, दवाखाना कसा दिसतोय?"

"साहेब घडीभरात जातेत, बाई," काका म्हणाले. "ही तान्ह्या लेकराची माय हितंच ऱ्हाती."

मला रडू आलं. मी औषधांच्या ट्रेमध्ये उगाच काहीतरी शोधत राहिले.

साहेबांनी मास्क लावले, वॉर्डाच्या दारात उभं राहून फोटो काढला आणि आत न येता सगळं पाहिलं. शेऱ्यात लिहिलं, साठा समाधानकारक. त्रुटी एकच निघाली: रुग्ण तोंडाला फडकी बांधतात, सुधारणा व्हावी. काकांच्या खाटेवरच्या भिंतीवर सरकारी फलक होता, खोकताना तोंडावर रुमाल धरा. तो फोटोत छान आला होता.

पथकाची गाडी फाटकाबाहेर पडली तशी मी इन्चार्जसमोर हात पसरला. "झाली की तपासणी, ताई."

"अगं, पुढची असतीच की," त्या म्हणाल्या आणि कुलूप लावलं.

माझी मुलगी आता शाळेत जाते, ठणठणीत आहे. काका बरे होऊन घरी गेले, त्या दिवशी त्यांनी मुलाकरवी बाजारातून एक नवी कोरी दस्ती आणवली होती. ती माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "कपाट उघडंस्तोर वापरा, बाई."

कापडानं क्षयाचे जंतू अडत नाहीत, हे मी नर्सिंगला शिकले होते. तरी ती दस्ती मी फाटेपर्यंत बांधली.